पॉवर स्टीअरिंग आणि नियमातले क्रियापद

हौशी मोटारशर्यतीत पॉवर स्टीअरिंगला हात लावता येतो का, या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींवर ठरते. गाडी कोणत्या वर्गात उतरली आहे ही पहिली आणि त्या वर्गाच्या नियमपुस्तिकेत स्टीअरिंगपुढे कोणते क्रियापद लिहिले आहे ही दुसरी. ‘बदलता येईल’, ‘काढता येईल’, ‘बंद ठेवता येईल’ आणि ‘फेरफार करता येईल’ हे चारही शब्दप्रयोग गॅरेजमधल्या बोलण्यात एकाच अर्थाने चालतात. शर्यतीच्या सकाळी, गाडीची तपासणी म्हणजे स्क्रुटिनी चालू असताना, त्या चार निरनिराळ्या परवानग्या असतात आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. पंप बदलायची मुभा असलेल्या वर्गात पंप काढून टाकला, तर ती गाडी नियमात बसत नाही. पट्टा उतरवून पंप बंद ठेवायची मुभा असेल, तर पंप जागच्या जागी दिसला पाहिजे.

नियम समजायचा तर आधी यंत्रणा समजावी लागते. साध्या रॅक-पिनियन स्टीअरिंगमध्ये चाके वळवण्याची सगळी ताकद चालकाच्या दंडातून येते. ती पुरावी म्हणून कारखाना गुणोत्तर सैल ठेवतो. चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला स्टीअरिंगच्या चारच्या आसपास फेऱ्या लागतात. पॉवर स्टीअरिंग आले की ताकदीची अडचण उरत नाही, म्हणून रॅक अधिक तिखट करता येतो आणि तीनच्या आसपास फेऱ्यांत काम भागते. मारुती ८००सारख्या हलक्या गाडीला पॉवर स्टीअरिंग नव्हते आणि त्यावाचून तिचे अडलेही नाही. पुढे इंजिने मोठी झाली, टायर रुंद झाले, आणि पार्किंगमध्ये घाम गाळायची कोणाची तयारी राहिली नाही.

हायड्रॉलिक पद्धतीत इंजिनाच्या क्रँकवरून पट्टा पंप फिरवतो. पंप तेलावर दाब आणतो आणि हे दाबलेले तेल रॅकच्या आतल्या पिस्टनला डावीकडे किंवा उजवीकडे ढकलते. कोणत्या बाजूला आणि किती, हे पिनियनच्या डोक्याशी असलेली झडप ठरवते. त्या झडपेत टॉर्शन बार नावाची बारीक पोलादी कांडी असते. चालकाने स्टीअरिंग वळवले की ती किंचित पिळली जाते आणि त्या पिळाच्या प्रमाणात तेलाची वाट उघडते. मोटारींच्या बाजारात अशी यंत्रणा पहिल्यांदा १९५१ साली क्रायस्लर इंपीरियलमध्ये आली. इलेक्ट्रिक पद्धत अलीकडची. १९८८मध्ये जपानच्या कोयो कंपनीने ती सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीसाठी बनवली. तिच्यात पंप, पट्टा, तेल यांपैकी काहीच नसते. स्टीअरिंगच्या कॉलमवर एक मोटर बसवलेली असते, पिळाचे माप एक सेन्सर घेतो आणि किती मदत द्यायची ते छोटा संगणक ठरवतो. आज भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच पद्धत आहे, पण हौशी शर्यतींत अजून भरपूर जुन्या गाड्या धावतात, त्यामुळे तेलाच्या यंत्रणेवरचे वाद संपलेले नाहीत.

या यंत्रणेबद्दल स्पर्धकांच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. पंप इंजिनाची थोडी शक्ती खातो आणि छोट्या इंजिनाला तीही जाणवते. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे वळणावळणाच्या छोट्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीत, इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर असते, स्टीअरिंग एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरत असते आणि तेल तापून फेसाळते. फेस दाबला जातो, त्यामुळे पिस्टनला ढकलायला दाब उरत नाही. मग नेमक्या आवळ वळणात स्टीअरिंग दगड होते आणि पुढच्या सरळ पट्ट्यात पुन्हा लोणी. शिवाय पंप, डबा, नळ्या आणि ब्रॅकेट मिळून काही किलो वजन इंजिनाच्या पुढच्या अंगाला पडते, आणि पुढून चालणाऱ्या गाडीत ते नको तिथेच असते. उलट बाजूही आहे. रुंद टायर आणि मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल बसवलेल्या गाडीत पॉवरशिवाय रॅलीचा दिवस काढायचा म्हणजे संध्याकाळी चहाचा पेला उचलतानाही मनगटे कुरकुरतात. म्हणून काही स्पर्धकांना पॉवर काढायची असते, काहींना नव्याने बसवायची असते, आणि नियमाला दोघांचाही विचार करावा लागतो.

‘पॉवर काढली’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा त्याने तीनपैकी एक काहीतरी केलेले असते. सर्वांत सोपे म्हणजे पट्टा उतरवणे. यात रॅकमधले तेल तसेच राहते, प्रत्येक वळणाला पिस्टन ते इकडून तिकडे ढकलत बसतो आणि स्टीअरिंग मुळातल्या साध्या रॅकपेक्षाही जड लागते. दुसरा उपाय पंप काढून रॅकची दोन तोंडे नळीने एकमेकांना जोडण्याचा. यात तेल आतल्या आत फिरते, पण जडपणा पुरता जात नाही. तिसरा उपाय खरा. रॅक उघडायचा, पिस्टनवरचे सील काढायचे आणि टॉर्शन बारचा पीळ वेल्डिंगने बंद करायचा. पीळ तसाच ठेवला तर स्टीअरिंगला मध्यभागी काही अंशांची झोळ राहते. चालकाने हात वळवला तरी चाक किंचित उशिरा वळते. हौशी चालक त्याला ‘गाडी ढिली लागते’ म्हणतात. हा तिसरा उपाय यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत पूर्ण आणि नियमाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा, कारण त्यात स्टीअरिंगच्या मुख्य सांध्यावर वेल्डिंगची आग पडते.

बेंगळुरूमध्ये या कामाची सामग्री चिकपेटच्या आसपास मिळते. चिक्क म्हणजे लहान आणि पेटे म्हणजे आपली पेठच. केंपेगौडाने १५३७मध्ये वसवलेल्या या जुन्या शहरात गल्लीगणिक धंदा वाटलेला आहे आणि ती वाटणी आजही बऱ्यापैकी टिकून आहे. चिकपेटमध्ये रेशीम आणि साड्या, बी.व्ही.के. अय्यंगार रोडवर विजेचे सामान, एस.जे.पी. रोडवर हार्डवेअर आणि यंत्रसामग्री. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर चिकपेटच्या पुढचेच स्टेशन के.आर. मार्केटचे. तिथून टाउन हॉल गाठला की मिनर्व्हा सर्कलपर्यंत जाणारा जे.सी. रोड सुरू होतो, आणि तिथे दुतर्फा मोटारीचे सुटे भाग.

एखाद्या स्पर्धकाला जुन्या गाडीतला पट्ट्यावरचा पंप काढून त्याजागी विजेवर चालणारा पंप बसवायचा आहे असे धरू. रॅक आणि त्याचे सील तो जे.सी. रोडवर घेईल. पंप गेल्यामुळे पट्ट्याची लांबी बदलली, म्हणून तो वेगळ्या मापाचा पट्टा शोधेल. मध्ये ताण धरायला एखादी पुली लागेल आणि ती तयार मापात मिळाली नाही तर लेथवर खरादून घेईल. दाबाच्या नळ्या नव्या मापात करून घेईल. मोठी वायर, रिले, फ्यूज आणि स्विच बी.व्ही.के. अय्यंगार रोडवर. दिवस मावळेपर्यंत पिशवीत दहा-बारा वस्तू जमतात. स्पर्धकाच्या मनात मात्र त्याने एकच बदल केलेला असतो: ‘पंप बदलला’. नियम वाचणाऱ्याच्या दृष्टीने पिशवीतल्या प्रत्येक वस्तूला स्वतंत्र परवाना लागतो. हौशी शर्यतीतले बहुतेक तंटे इथेच जन्म घेतात, आणि त्यातले थोडेच लबाडीचे असतात.

मोटारशर्यतीच्या तांत्रिक नियमांची मूळ वृत्ती रोजच्या कायद्याच्या उलट असते. कायद्याने ज्याला मनाई केली नाही ते नागरिकाला करता येते. शर्यतीत ज्याला स्पष्ट परवानगी दिली नाही ते करता येत नाही. अमेरिकेतील हौशी शर्यतींची जुनी संस्था स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, स्थापना १९४४, हिच्या स्पर्धकांत हे तत्त्व जवळजवळ म्हणीसारखे झाले आहे: ‘करता येईल’ असे लिहिले नसेल, तर करता येत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, नियमांतही तेच आहे. भारतातील मोटारशर्यतींची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय त्या महासंघाची सदस्य आहे आणि तिचे नियम त्याच घडणीचे आहेत. त्यावर प्रत्येक स्पर्धेची स्वतःची पुरवणी नियमावली असते. कर्नाटक मोटर स्पोर्ट्स क्लबच्या के-१००० रॅलीसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्याला म्हणून तीन थर वाचावे लागतात: महासंघाची संहिता, त्या वर्षीचे राष्ट्रीय तांत्रिक नियम आणि त्या स्पर्धेची पुरवणी. गेल्या वर्षीची पुस्तिका पाठ असणे हा इथे गुण नाही. उलट ती पाठ असलेले लोकच अनेकदा फसतात.

मालिका-उत्पादनातल्या, म्हणजे शोरूममधून निघालेल्या गाड्यांसाठी एफआयएने वर्षानुवर्षे चालवलेला गट म्हणजे ग्रुप एन. त्याचा नियम थोडक्यात असा: गाडीवर फक्त नेहमीची देखभाल आणि झिजलेल्या किंवा अपघातात मोडलेल्या भागाची बदली एवढेच काम करता येते, बदलीचा भाग मुळासारखाच हवा, आणि याहून अधिक जे काही चालते ते पुढे नावानिशी सांगितले आहे. त्याला जोडून आणखी एक वाक्य येते आणि सगळा वाद त्या वाक्यात साठलेला आहे. परवानगी असलेल्या बदलामुळे परवानगी नसलेला बदल ओढवता कामा नये, असे ते वाक्य.

आता ती पिशवी पुन्हा उघडावी. समजा नियमात ‘पंप बदलता येईल’ असे आहे. एफआयएच्या अधिक मोकळ्या ग्रुप ए या गटात यंत्रावर चालणाऱ्या पंपाऐवजी विजेचा पंप बसवायची मुभा दिलेली आहे, मात्र तो पंप कोणत्या तरी मालिका-उत्पादनातल्या गाडीवर बसलेला आणि बाजारात रीतसर विकला जाणारा हवा. म्हणजे जे.सी. रोडवर मिळणारा, एखाद्या कारखान्याच्या गाडीचा पंप चालेल आणि स्वतः जोडलेला चालणार नाही. पंपाचा प्रश्न सुटला. पट्ट्याचे काय? पंप हलला की पट्टा आखूड हवाच, हे उघड आहे. पण त्यासाठी अल्टरनेटरचे ब्रॅकेट कापून दुसरीकडे वेल्ड केले, तर अल्टरनेटर हलवायची परवानगी कुठे आहे ते दाखवावे लागेल. दाखवता आली नाही, तर पंपाचा कायदेशीर बदल अल्टरनेटरच्या बेकायदेशीर बदलाला ओढून घेऊन आला असे ठरते आणि दोन्ही उतरवावे लागतात. नळ्यांसाठी वेगळे कलम शोधावे लागते. तिथे दाब आणि तापमानाच्या किमान अटी असतात, आणि मापाने बनवून घेतलेल्या नळीवर तिची क्षमता छापलेली नसेल तर तपासनीसाला ती मानण्याचे कारण नाही. वायरसाठी फ्यूज हवा. बिल जपून ठेवावे, भाग क्रमांकासकट. स्क्रुटिनीच्या टेबलावर ‘ओरिजिनल आहे साहेब’ हे विधान पुरावा म्हणून चालत नाही. गाडी सर्व नियमांत बसते हे सिद्ध करण्याची जबाबदारी स्पर्धकाची असते, तपासनीसाची नव्हे, आणि ती स्पर्धा संपेपर्यंत स्पर्धकाच्याच अंगावर राहते.

वातानुकूलन यंत्रणेची मुभा हे याच जातीचे दुसरे उदाहरण. पुष्कळ वर्गांत एसी काढता येतो. अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आणि स्टीअरिंगचा पंप एकाच ब्रॅकेटवर किंवा एकाच पट्ट्यावर असतात. एसी काढताना पंपही निघाला, तर ‘ते तर एकत्रच येतात’ हा बचाव टिकत नाही. एसीचे कलम एसीपुरते आहे. पंप ठेवून कॉम्प्रेसर काढण्यासाठी ब्रॅकेटचा जेवढा भाग काढावा लागेल तेवढाच काढता येतो.

स्टीअरिंगच्या बाबतीत नियम मुद्दाम कडक आहेत आणि त्याचे सर्वांत बोलके कलम ग्रुप एमध्येच सापडते. त्या गटात गाडीला चालवणारे आणि तोलणारे मूळ यांत्रिक भाग घासून, कानस मारून, गुळगुळीत करून सुधारता येतात. याला सर्रास मुभा आहे. पण त्याच वाक्यात स्टीअरिंग आणि ब्रेकचे भाग नाव घेऊन वगळले आहेत. इंजिनाचा दांडा घासला आणि तुटला तर इंजिन जाते. स्टीअरिंगचा दांडा घासला आणि तुटला तर गाडी कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही. टॉर्शन बार वेल्ड केलेला रॅक कडक वर्गात का चालत नाही, याचे उत्तर या वगळण्यात आहे. नियम लिहिणाऱ्याला पॉवर काढण्याबद्दल आकस नसतो. त्याला वेल्डिंगच्या टाक्याची भीती असते.

एक प्रश्न भारतात वारंवार येतो, कारण १९९० आणि २०००च्या दशकांतल्या गाड्या इथे तशाच विकल्या गेल्या. एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकाराला साधे स्टीअरिंग आणि महाग प्रकाराला पॉवर, बाकी इंजिन आणि सांगाडा सारखाच. अशा वेळी महाग गाडीवर स्वस्त गाडीचा साधा रॅक बसवता येतो का? दोन्ही रॅक कारखान्याचेच, कुठे वेल्डिंग नाही, ढिलेपणा नाही. यंत्रशास्त्राची हरकत शून्य. नियमाचे उत्तर कागदावर ठरते. मान्यताप्राप्त गाडीचा एक होमोलोगेशन फॉर्म असतो. त्यात तिचे मोजमाप, फोटो आणि पर्यायी भाग नोंदवलेले असतात. साधा रॅक त्यात पर्याय म्हणून असेल तर चालतो, नसेल तर तो त्याच कारखान्याच्या दुसऱ्या गाडीचा भाग ठरतो. अमेरिकन क्लबच्या इम्प्रूव्हड टूरिंग वर्गात यावर नीट विचार केलेला दिसतो. नियमपत्रकात एकाच ओळीत नोंदलेल्या गाड्यांमध्ये जुन्या-नव्या भागांची अदलाबदल चालते, पण संपूर्ण जोडणीची. एका रॅकची खोळ आणि दुसऱ्याचा पिनियन असा संकर चालत नाही. जे.सी. रोडवरच्या काउंटरवर या भेदाला काही किंमत नाही, कारण तिथे ग्राहकाला काम भागल्याशी मतलब. म्हणून खरेदीला जाताना फॉर्मची प्रत खिशात असलेली बरी.

त्याच वर्गाच्या नियमांत आणखी एक वाक्य आहे. परवानगी असलेल्या भागाने परवानगी नसलेले काम करू नये. उदाहरणार्थ, तेल थंड ठेवायला स्टीअरिंगचा कूलर बसवायची मुभा असेल, तर तो कूलर बसवता येतो. पण त्याचे ब्रॅकेट इतके जाडजूड केले की ते सांगाड्याच्या दोन बाजू बांधणारा आडवा दांडाच झाले, तर कूलर कायदेशीर राहून ब्रॅकेट बाद होते. हे वाक्य वाचताना स्पर्धक हसतात. नंतर आपल्याच गाडीत ते आढळते तेव्हा हसत नाहीत.

इलेक्ट्रिक स्टीअरिंगने सगळे सोपे होईल असे वाटले होते, कारण तिथे नळ्या नाहीत, पट्टा नाही आणि मदत बंद करायची तर एक फ्यूज उपसला की झाले. पण ‘बंद ठेवणे’ आणि ‘फेरफार’ यांतली रेघ इथे अधिक पुसट आहे. फ्यूज काढणे ही कृती दिसते, मोजता येते. मदतीचा नकाशा बदलणे, म्हणजे संगणकाला वेगळ्या वेगात वेगळी मदत द्यायला शिकवणे, ही कृती तपासनीसाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कडक वर्गांत नियंत्रक कारखान्याच्या स्थितीत ठेवायला सांगितले जाते. दुसरी भारतीय हौस म्हणजे वॅगन आर किंवा आल्टोचा मोटर बसवलेला कॉलम जुन्या मारुती ८००मध्ये घालण्याची. दोन कॉलमची लांबी जुळत नाही, मग मधे कापून वेल्ड करतात. रस्त्यावर अशा गाड्या फिरतात हे खरे. मालिका-उत्पादनाच्या वर्गात ही गाडी दोन कारणांनी बसत नाही. मुळात नसलेली यंत्रणा आली हे एक आणि कॉलमला सांधा पडला हे दुसरे. मोकळ्या वर्गातही दुसरे कारण उरतेच.

स्टीअरिंगचा नियम वाचण्यावरून सर्वोच्च पातळीवरही भांडणे झाली आहेत. फॉर्म्युला वनचे कलम सांगते की पॉवर स्टीअरिंग विजेवर चालणारे किंवा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे नसावे आणि चालकाचे श्रम कमी करण्याखेरीज त्याने दुसरे काही करू नये. पहिला भाग साधनाबद्दल आहे, दुसरा हेतूबद्दल. १९९८च्या ब्राझील ग्रां प्रीत मॅक्लारेनच्या गाडीत एक जादा ब्रेक पेडल होते. त्याने मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागे आणि गाडी वळणात आत ओढली जाई. फेरारीने तक्रार केली आणि अधिकाऱ्यांनी ते ब्रेक नसून स्टीअरिंग आहे असे मानून बंद करायला लावले. बरोबर उलटा निकाल २०२०मध्ये ऑस्ट्रियात लागला. मर्सिडीजच्या चालकाला स्टीअरिंग स्वतःकडे ओढून पुढच्या चाकांचा कोन बदलता येत असे. हे सस्पेन्शनचे समायोजन आहे आणि गाडी चालू असताना ते चालत नाही, असे रेड बुलचे म्हणणे होते. अधिकाऱ्यांनी ते स्टीअरिंगचा भाग मानून कायदेशीर ठरवले. पुढच्या वर्षाच्या नियमांत नवे वाक्य घालून ते बंद झाले. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: या वस्तूला कोणत्या नावाने हाक मारायची?

हौशी स्पर्धेत हे निर्णय साध्या जागी होतात. तपासनीस बॉनेट उघडतो, पट्टा जागेवर आहे का पाहतो, नळ्यांवर तेलाचा ओलावा शोधतो. मग इंजिन बंद असताना स्टीअरिंगला हलकी ओढ देऊन धरतो आणि चालकाला इंजिन सुरू करायला सांगतो. इंजिन लागताच स्टीअरिंग हातात किंचित सैल पडले तर मदत चालू आहे. काहीच झाले नाही तर पुढची चौकशी सुरू होते. रॅक उघडून पाहणे सहसा तिथे होत नाही. शंका असेल तर भागावर सील लावतात आणि स्पर्धेनंतर उघडतात. तपासनीस निर्णय देत नाही, अहवाल देतो. निर्णय स्टुअर्ड नावाच्या अधिकाऱ्यांचा असतो. प्रतिस्पर्ध्याची हरकत असेल तर ती लेखी, शुल्कासह आणि मुदतीत द्यावी लागते. निकालाविरुद्धची हरकत तात्पुरता निकाल लागल्यापासून तीस मिनिटांत. गाडी खोलायला लावणारी हरकत असेल तर खोलण्या-जोडण्याचा खर्चही अनामत म्हणून ठेवावा लागतो. रॅकमधल्या सीलवर संशय घेणारे या अटीमुळे कमी होतात.

शहाणपणाने वागायचे असेल तर हरकतीची वाट न बघता आधी विचारावे. नियमाचा अर्थ लावायचा अधिकार आयोजक आणि राष्ट्रीय संस्थेचा असतो, म्हणून प्रश्न लेखी विचारून उत्तर लेखी घ्यावे. मेकॅनिकने ‘मागच्या वेळी चालले होते’ असे सांगितले तर ते खरे असते आणि निरुपयोगीही. मागच्या वेळी कोणी पाहिले नाही एवढेच त्यातून कळते.

शेवटचा थर शर्यतीबाहेरचा आहे. हौशी स्पर्धकाची गाडी बहुधा नोंदणीची असते. ती रविवारी ऑटोक्रॉसला आणि सोमवारी कचेरीला जाते, आणि रॅलीत तर दोन टप्प्यांमधले अंतर सार्वजनिक रस्त्यावरून कापायचे असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल करायला मनाई करते, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते काटेकोरपणे वाचले. नोंदणीपत्रात पॉवर स्टीअरिंगचा रकाना नसतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ थेट स्टीअरिंगवर बोलतो. स्टीअरिंगमध्ये तीस अंशांहून अधिक मोकळी हालचाल नको, जोडणीच्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट वा पिना निसटू नयेत असे अडकवलेल्या हव्यात. पीळ न बांधलेल्या रॅकची झोळ या मर्यादेच्या बरीच आत असते. ऑटोक्रॉसच्या धुळीने आणि खड्ड्यांनी फाटतात त्या टोप्या, आणि जे.सी. रोडवर त्या सुट्या मिळतात.